डावं पान पाळकांचं, उजवं काकांचं

काका बोट ठेवल्याशिवाय बोलत नसत. समोर पुस्तक असो, विजेचं बिल असो की माझ्या दुकानातल्या लग्नपत्रिकेचा नमुना, आधी उजव्या हाताचं पहिलं बोट त्या ओळीवर टेकायचं, मग चष्म्याच्या वरून तुमच्याकडं बघायचं आणि म्हणायचं, “हितं काय लिहिलंय, ते वाचा. तुमाला काय वाटतं ते मागनं.” असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल तर तुमचं आयुष्य बरंच सुखात चाललंय.

सांगलीत माझं टायपिंगचं आणि छपाईचं छोटं दुकान आहे. मी, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि माझ्या सासूबाई एवढ्यात ते भरतं. सासूबाई म्हणतात की त्या दुकान सांभाळायला येतात. खरं तर त्या मला सांभाळायला येतात. वास्तुशांतीच्या पत्रिकेवर मी एकदा भलत्याच नवरानवरीचा फोटो छापला होता, तेव्हापासून त्यांची खुर्ची काउंटरजवळ कायमची आहे.

काका माझ्या नात्यातले नव्हेत, दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक, मूळचे माण तालुक्यातले. तीस वर्षं कुपवाडच्या एका कारखान्यात तपासणीला होते. लेथवर तयार झालेला प्रत्येक तुकडा त्यांच्या टेबलावर यायचा आणि ड्रॉइंगशी ताडून ते तो पास करायचे किंवा बाजूला टाकायचे. “जॉब कितीबी चमकू दे ताई, ड्रॉइंगला जुळला पायजे.” निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, सवय राहिली. ताडून बघायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी बायबल घेतलं.

सुरुवात देवळात झाली. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च, ते नेहमी देऊळच म्हणत. एका रविवारी वाचन चालू असताना काकूंच्या मांडीवर आजोबांच्या वेळचं जुनं भाषांतर होतं आणि काकांच्या हातात नवं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघं मिळून एकच देव, असा ज्या ओळीचा आधार दिला जायचा ती जुन्यात होती. नव्यात नव्हतीच. दुसऱ्या कुणी पान उलटलं असतं. काकांनी तिथं बोट ठेवलं, ते पुढं सहा वर्षं उचललं नाही.

मग त्यांनी भाषांतरं जमवली. जुनं, नवं, सोप्या मराठीतलं, हिंदी, इंग्रजी. शेवटी मूळ ग्रीकची प्रत माझ्याकडूनच छापून नेली. “तुम्हाला ग्रीक येतं?” मी विचारलं. “थीटा, अल्फा, पाय आमी ड्रॉइंगवर रोज बघत हुतो. ऱ्हायलेली शिकायची,” म्हणाले, आणि खरंच शिकले. आमच्या घरात मी कन्नड शिकायला घेतलं त्याला बारा वर्षं झाली. दूधवाल्याला “नाळे बा”, म्हणजे उद्या ये, म्हणण्यापलीकडं माझी मजल गेलेली नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की येशू देवाचा पुत्र, देवानं पाठवलेला, पण खुद्द देव नव्हे. बाप बाप आणि लेक लेक. “मरनाच्या आदल्या राती येशूनं बागेत गुडघे टेकून प्रार्थना केली ती कुणाला? सोताला?” आणि तो स्वतःच म्हणाला की बाप माझ्याहून मोठा. यावर कुणी, मी आणि बाप एक आहोत हेही त्याचंच वचन, असं म्हटलं की काका हसायचे. “मी आन् आमची मंडळी बी एकच हाय. पण रेशनकार्डावर नावं दोन हायत का न्हाई?”

हे सगळं आमच्या काउंटरवर चालायचं आणि ऐकायला सासूबाई. आम्ही जैन. एक दिवस त्यांनी माळ थांबवून विचारलं, “आवं, पण जग केलं कुणी म्हंता?”

“बापानं.”

“आमच्यात कुणी केलंच न्हाई. ते हायच. मग कुठला बाप आन् कुठला ल्योक?”

काकांनी बोट उचललं. “आक्का, तुमच्यापुढं आमचं भांडान लय बारकं हाय.” त्या दिवसापासून काका आले की सासूबाई चहा स्वतः करायच्या. माझ्यासाठी त्यांनी आजवर केलेला नाही.

काकांना या सगळ्याची पुस्तिका काढायची होती. पण कारखान्यात त्यांची एक रीत होती. तुकडा नापास केला तरी ज्यानं तो बनवला त्याचं म्हणणं त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यायचं आणि खाली दोघांच्या सह्या. एका सहीची चिठ्ठी त्यांनी तीस वर्षांत कधी पुढं पाठवली नाही. म्हणून पुस्तिकेत उजव्या पानावर त्यांचं मत आणि समोर डाव्या पानावर त्याच मुद्द्यावर देवळाचं मत, असं ठरलं.

“डावं पान कोण लिहिणार?” मी विचारलं.

“मीच लिवलंय. पाळकसाहेबांना दावून आणतो.”

पाळकसाहेब म्हणजे देवळाचे धर्मगुरू, कराडचे, तरुण, नुकतेच बदलून आलेले. पहिल्या पानावरच ते भडकले. काकांच्या विचारांवर भडकले असते तर समजलं असतं. ते भडकले, कारण त्यांची बाजू काकांनी लिहिली होती आणि ती फार लेचीपेची मांडली होती. “असला पुचाट मुद्दा आमचा नाहीच मुळी!” म्हणत ते थेट दुकानात आले आणि माझ्याकडून डाव्या पानाचा कागद मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ते पान दुप्पट झालं. मग काका म्हणाले, आता उजवं कमी पडतंय. असं दीड वर्ष चाललं. एक जण उठून गेला की दुसरा यायचा, आणि कधी दोघं एकदम आले की सासूबाई म्हणायच्या, “आदी चा प्या, मग भांडा.” मी प्रत्येक वेळी मन लावून टाइप करायची. ख्रिस्ताविषयी इतकं टाइप केलेली जैन बाई जिल्ह्यात दुसरी नसावी.

शेवटी बारा डावी आणि बारा उजवी पानं पक्की झाली. छपाई सोमवारी ठरली. शनिवारी काकू आल्या. कधी न येणाऱ्या काकू, रविवारी देवळात बायकांचं गाणं धरणाऱ्या, इतक्या हळू बोलल्या की मला पुढं वाकावं लागलं.

“ताई, ते छापू नगा.”

मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, पंचांमधले एक निवृत्त सुभेदार त्यांना बाजूला घेऊन सांगून गेले होते, की पुस्तक निघालं तर तुमचं कुटुंब मंडळीतून कमी होणार. आणि दफनभूमीत जागा फक्त मंडळीतल्यांना.

“आमची थोरली तितं हाय,” काकू म्हणाल्या. “अडीच वर्साची हुती. मला तिच्याजवळच जायाचंय. ह्यांचं खरं आसंल. ह्यांचं नेमी खरंच आसतंय. पण माजी जागा...” आणि त्या उठल्या. काकांना सांगू नका, एवढं मात्र दोनदा सांगून गेल्या.

आता माझी हुशारी ऐका. सोमवारी काका आले, तेव्हा मी सांगितलं की प्रिंटर बिघडलाय. तीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या माणसाला मी सांगितलं, यंत्र बिघडलंय! काकांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. झाकण उघडलं, फुंकर मारली, बंद केलं, बटण दाबलं. पान झकास बाहेर आलं. काकांनी ते उजेडात धरलं.

“ताई, लोकं मला तीस वर्सं सांगत आली, मशीनचा दोष हाय. मशीनचा कवाच नसतो. काय झालंय?”

मी सासूबाईंकडं बघितलं. त्या भिंतीकडं बघत होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

काका स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांचं बोट कशावरच नव्हतं. मग म्हणाले, “चाळीस वर्सं एका बाकावर बसतो आमी. हे मला बोलली न्हाई.” मग समोरचे कागद जवळ ओढून म्हणाले, “ठेवा ताई. छापायचं न्हाई. माझं मत माझ्याजवळ ऱ्हाईल. ते काय कोण काढून घेत न्हाई. तिची जागा मातूर जाईल.”

ते कागद गोळा करत होते एवढ्यात पाळकसाहेब शेवटच्या डाव्या पानाची दुरुस्ती घेऊन आत आले. छापायचं नाही हे कळल्यावर ते पहिल्यांदा काय बोलले असतील? “म्हणजे माझी बारा पानं वाया?” मग त्यांना कारण कळलं. सुभेदारांनी त्यांना यातलं काहीच विचारलं नव्हतं. पाळक लाल झाले.

“काका, ही पुस्तिका कुणाची?”

“माझी.”

“निम्मी माझी आहे. नाव कमी करायचं तर दोघांचं करायला लागेल. मग रविवारी प्रवचन सुभेदारांनीच करावं.” त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि शेवटच्या पानाखाली सही ठोकली. “करा आता तुमची. चिठ्ठीवर दोन सह्या लागतात म्हणता ना?”

“पाळकसाब, तुमी मला चुकीचाच समजता न्हवं?”

“शंभर टक्के.”

“मग ठीक हाय,” म्हणाले काका आणि त्यांनी सही केली.

छापून झाल्यावर चौथ्या दिवशी सुभेदार दुकानात हजर. पाठ ताठ, हातात पुस्तिका. “डावी पानं उत्तम आहेत. उजवी सगळ्या प्रतींतनं फाडून द्या. पंचांचा आदेश.”

मी पुस्तिका हातात घेतली आणि एक पान उचलून दाखवलं. “सुभेदारसाहेब, ह्या कागदाच्या पुढच्या अंगाला काका आहेत आणि मागच्या अंगाला पाळकसाहेब. काकांना फाडलं की पाळक पण जाणार.”

सुभेदारांनी पान पुढून बघितलं, मागून बघितलं, पुन्हा पुढून बघितलं. आयुष्यात मी दिलेलं एवढं एकच उत्तर कुणाला निरुत्तर करून गेलं असेल. तेही कागदामुळं. पुस्तिका घेऊन ते गेले. कुठून कुठवर फाडता येईल हे बघायला त्यांना सगळी वाचावी लागली असणार, कारण पंधरा दिवसांनी ते परत आले, दुकानातल्या बाकावर काका आणि पाळक यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “दोघंबी चुकताय.” सासूबाईंनी चौथा कप मांडला. मंडळीतून कुणाचं नाव कमी झालं नाही.

गेल्या थंडीत काका गेले. आजार चार दिवसांचा, फार कुणाला त्रास नाही. दफनभूमीत मी आणि सासूबाई मागं उभ्या होतो. सुभेदारांनी शवपेटीला खांदा दिला. पाळकसाहेबांनी सगळा विधी केला, पिता, पुत्र, पवित्र आत्मा, एक शब्द न गाळता. काकांना गाळलेलं चाललंच नसतं.

त्याच्या आधीची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. सकाळी खड्डा खणायला माणसं आली, तेव्हा काकू स्वतः तिथं गेल्या होत्या. माणसांनी थोरलीच्या लहानशा क्रुसाला लागूनच खड्ड्याच्या मापाची दोरी धरली होती. काकूंनी ती हातानं बाजूला केली.

“तिकडं सरकवा की रं जरा. मदी माणूसभर जागा ऱ्हाऊ द्या.”

माणसांनी दोरी सरकवली. काकू त्या मधल्या जागेत पदर खोचून उभ्या राहिल्या, एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं, आणि मग म्हणाल्या, “हां. बसतंय. खणा आता.”