भाव ठरेपर्यंत

घासाघीस न करता घेतलेली वस्तू माझ्या वडिलांना कधी आपली वाटलीच नाही. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मूळचे मिरजगावचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केलेली. मेथीची जुडी असो नाहीतर स्वेटर, दुकानदाराने भाव सांगितला की आबा आधी हसायचे आणि मग पाठ फिरवून चालायला लागायचे. मला याची भयंकर लाज वाटायची. मी बँकेत नोकरी करते, छापील आकड्यावर माझा विश्वास. परवडलं तर घ्यावं, नाहीतर गप घरी यावं. आबांना हे पटायचं नाही. ते म्हणायचे, "छापल्याला भाव म्हंजी त्यानं एकट्यानं ठरवल्याला भाव. मंग आपलं काय काम तिथं?"

निवृत्त झाल्यावर, आई गेल्यानंतर, ते माझ्याकडे नगरला सावेडीत राहायला आले आणि या वयात त्यांना आगगाडीचा नाद लागला. बोटभर रुंदीचे रूळ, तळहाताएवढे डबे आणि विजेवर धावणारं इंजिन. मी एकदा खेळणं म्हटलं तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्याला मॉडेल म्हणायचं. गच्चीवरच्या खोलीत जुन्या दाराची फळी विटांवर टाकून त्यावर त्यांनी रूळ मांडले, मालडब्यांत खरी ज्वारी भरली आणि एक स्टेशन बांधलं. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर काळ्या रंगाने सुबक अक्षरात लिहिलं, मिरजगाव. मिरजगावला रेल्वे नाही. लहानपणी नगरला आले की आबा बाजार सोडून स्टेशनवर जाऊन उभे राहायचे आणि वाफेचं इंजिन बघून चालत बाजारात परत यायचे. फळीवरच्या मिरजगावला मात्र एक मरतुकडं डिझेल इंजिन होतं. वाफेचं काळं इंजिन आणल्याशिवाय स्टेशन पुरं होणार नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

हे सगळं मिळायचं भिंगारच्या एका दुकानात. पुढे वह्या, पेनं आणि क्रिकेटच्या बॅटी, आत काचेच्या काउंटरमागे रेल्वे. लष्करातले साहेब लोक बदली होऊन जाताना आपले सेट या दुकानात विकून जायचे. शेठ ते विकत घ्यायचे, पुसून, तेल घालून, तारा जोडून पुन्हा विकायला ठेवायचे. थोडा नवा मालही असायचा. काउंटरवर रुळांचं एक कायमचं कडं बसवलेलं होतं आणि कुठलंही इंजिन त्यावर फिरवून दाखवल्याशिवाय शेठ गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. घरी नेऊन बिघडलं तर परत आणा, चाकं घासून देतील, पैसे घेणार नाहीत. भावाच्या बाबतीत मात्र हा माणूस आबांना पुरून उरणारा होता.

दर रविवारी मी आबांना स्कूटरवर तिथं सोडायची आणि रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली स्कूटर लावून मोबाईल बघत बसायची. आत काय चाललंय ते मला तोंडपाठ होतं. शेठ भाव सांगणार. आबा निम्म्याला मागणार. शेठ कपाळाला हात लावणार. आबा "जातो मंग" म्हणून पायरी उतरणार, रस्ता ओलांडून माझ्यापाशी येऊन दुकानाकडे पाठ करून उभे राहणार. वळून बघायचं नाही, हा नियम. वळून बघितलं की हावरेपणा दिसतो आणि भाव हातचा जातो. मग दारातून शेठचा खणखणीत आवाज यायचा, "ओ गुरुजी, या मागं. तुमी म्हनाल तसं करू." आबा पहिल्या हाकेला हलायचे नाहीत. दुसऱ्या हाकेला "बग, बोलावतोय" असं मला हळूच सांगून, चेहरा अगदी नाइलाजाचा करून परत जायचे. मला हसूही यायचं आणि राग पण यायचा. दोन म्हातारी माणसं एका सिग्नलच्या खांबासाठी भरउन्हात हे नाटक करत होती.

आणखी एक नियम होता. भाव ठरेपर्यंत घरचं काही बोलायचं नाही. एकदा मी पाणी प्यायला आत गेले असताना शेठच्या बायकोचा ताप उतरला का, असं सहज विचारलं, तर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून गेले होते. परत येताना आबांनी मला समजावलं, "एकदा का त्याच्या घरचं दुखनं इचारलं, की भाव पाडायला आपल्याला तोंड न्हाई राहत. त्यालाबी वाढवून सांगायला जीभ उचलत न्हाई. आधी भाव, मंग चहा, मंग घरचं." आणि खरंच, भाव ठरला की चहा यायचा आणि मग दोघं बायकोच्या तापापासून मिरजगावच्या पाऊसपाण्यापर्यंत इतका वेळ बोलत बसायचे की मला लिंबाखालून हॉर्न वाजवावा लागायचा.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता दुकानात ते काळं इंजिन आलं. बदली झालेल्या कुणा साहेबाच्या संग्रहातलं. आबा घरी आले ते जेवलेच नाहीत नीट. "चाकाचे दांडे बी हालत्यात," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. शेठनी भाव भलताच सांगितला होता आणि आबांनी तितकाच भलता पाडून मागितला होता. पुढचे कितीतरी रविवार त्यात गेले. शेठ थोडे खाली यायचे, आबा थोडे वर जायचे, आणि दोघांनाही घाई नव्हती. इंजिन दुसऱ्या कुणाला विकलं जाणार नाही हे आबांना ठाऊक होतं आणि आबा दुसरीकडून घेणार नाहीत हे शेठना. मी एकदा म्हटलं, "आबा, उरलेले पैसे मी घालते, घेऊन टाका." त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं.

दिवाळीनंतर दुकान बंद दिसलं. शटरवर पुठ्ठा लावलेला, घरगुती कारणामुळे दुकान बंद राहील. आम्ही दोन-तीनदा जाऊन परत आलो. शेवटी थंडी चांगली पडल्यावर एका रविवारी शटर वर दिसलं आणि आबा स्कूटर पुरती थांबायच्या आत उतरले.

त्या दिवशी ते फार लवकर बाहेर आले. रस्ता ओलांडून माझ्याजवळ आले आणि नेहमीसारखे पाठ करून उभे राहिले. चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते, नेहमीचंच नाटक म्हणून. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की हाक आलेली नाही. मी दुकानाकडे बघायला वळणार तेवढ्यात आबा म्हणाले, "बगू नको. चल."

घरी आल्यावर हळूहळू कळलं. काउंटरवर शेठचा मुलगा होता, पुण्याहून आलेला. त्याने सरळ सांगितलं, काका, आता फिक्स रेट आहे, ऑनलाइन बघा, याहून जास्तच पडेल. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मीही तेच म्हणाले असते. पण शेठ आतच खुर्चीवर बसलेले होते, गळ्याला मफलर गुंडाळून.

"माझ्याकडं बगितलं, हात वर केला," आबा म्हणाले. "बोलला न्हाई. पोरगं बोलत हुतं, ह्यो गप."

"मग विचारायचं ना तुम्ही, बरं नाही का म्हणून."

"भाव कुठं ठरला हुता?"

थंडीत अर्धं नगर मफलर गुंडाळून फिरतं, त्यामुळे मलाही काही वेगळं सुचलं नाही.

त्यानंतर आबा भिंगारला गेले नाहीत. मी नेते म्हटलं की गुडघा पुढे करायचे. मोबाईलवर तसंच इंजिन शोधून दाखवलं तर म्हणाले, ठेव तो फोन. मी एकटी जाऊन घेऊन येते म्हटलं, तेव्हा मात्र भडकले. "तू जाशील आन छापल्याला भाव देऊन येशील. तसलं इंजिन माझ्या टेशनात नको." गच्चीवरच्या मिरजगावात ते डिझेलच गुरगुरत राहिलं. उन्हाळ्यात आबांना धाप लागायला लागली आणि दवाखाने सुरू झाले. आजारपणात त्यांनी हा विषय एकदाच काढला. औषध घेता घेता म्हणाले, "कटाळला आसंल तो मला. रोजचीच कटकट." आणि पाणी प्यायले. पावसाळा संपायच्या आत आबा गेले.

मला त्या वाक्याचा फार त्रास झाला, अजूनही होतो. आई गेल्यावर या परक्या शहरात त्यांनी स्वतःहून जोडलेला तो एकच माणूस होता, आणि त्याला आपला कंटाळा आला असं समजून ते गेले.

दिवाळीच्या साफसफाईत गच्चीवरची खोली उघडली. ज्वारीला किडे लागले होते. हे सगळं अडगळीत पडण्यापेक्षा दुकानात परत दिलेलं बरं, कुणीतरी वापरेल, असा विचार करून मी रुळांची पिशवी घेऊन भिंगारला गेले. स्कूटर सवयीने लिंबाखालीच लावली.

शेठ काउंटरवर एकटेच होते, खूप वाळलेले. मला बघून उठून उभे राहिले आणि माझ्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आबा गेले." ते खाली बसले. मी पुढे सांगणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला ते विचित्र वाटलं, थोडा रागही आला. मग त्यांनी मफलर खाली ओढला. गळ्यावर मोठा व्रण होता.

तेवढ्यात मुलगा आतून आला. त्याला इथले नियम माहीत नव्हते म्हणूनच मला सगळं कळलं. दिवाळीनंतर शेठच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि आवाज कायमचा गेला होता. आबा आले तो शेठचा ऑपरेशननंतरचा दुकानातला पहिलाच आठवडा. आबा पायरी उतरले तेव्हा शेठ बोटातल्या अंगठीने काचेवर टकटक करत होते. "मी फोनवर कुरियरवाल्याशी बोलत होतो. मला वाटलं, बाबा चहा मागतायत," मुलगा म्हणाला. "नंतर मला ओढत दारात घेऊन गेले, तर तुमची स्कूटर निघून गेलेली. घर सावेडीत, एवढंच माहीत होतं. मग दर रविवारी ते इंजिन काउंटरवर काढून ठेवायचे. मीच जास्त भाव सांगितला, म्हणून गुरुजी रुसले, असं मला खुणेनं दाखवत राहायचे."

मला रडायला आलं आणि मी त्या पोरासमोर रडले.

शेठनी कपाट उघडून काळं इंजिन काढलं, फडक्याने पुसलं आणि काउंटरवरच्या कड्यावर ठेवून फिरवलं. चाकाचे दांडे खरंच हलत होते. मी डोळे पुसून विचारलं, "किती द्यायचे?" त्यांनी बोटांनी आकडा दाखवला. पहिल्या रविवारी सांगितलेला, भलता. मी चमकून वर बघितलं. ते माझ्याकडे बघत, वाट बघत उभे होते.

मला घासाघीस येत नाही. जन्मात केलेली नाही. तरी म्हटलं, "फार होतात. निम्मे देईन." त्यांनी कपाळाला हात लावला. "जाते मग," मी म्हणाले आणि दाराकडे निघाले. उंबऱ्याशी पोचले तोच मागून काचेवर अंगठीची टकटक ऐकू आली. मी थांबले नाही. आबा जात तसंच जायचं म्हणून पायरी उतरले, रस्ता ओलांडला आणि लिंबाखाली जाऊन पाठ करून उभी राहिले. रिक्षा गेली, लष्कराचा ट्रक गेला, कुणीतरी पाण्याच्या टाकीवर ठोकत होतं. मी कान देऊन उभी होते. काही ऐकू येत नव्हतं. शेवटी न राहवून मी वळले. आत काउंटरच्या काचेवर शेठचा हात अजून हलत होता.

मी परत गेले. त्यांनी माझाच भाव मान्य केला, इंजिन जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं, रुळांची पिशवी माझी मला परत दिली आणि मुलाला चहा आणायला पाठवलं. चहा आला. मग माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि दोन्ही हातांनी, भुवया वर करून, विचारलं. गुरुजींना काय झालं होतं.

आता भाव ठरला होता. मी आबांचं आजारपण पहिल्या दिवसापासून सांगायला घेतलं.