भाडेकरूने शिकवलेला श्वास

मी शिकलो दुसरीपर्यंत. तेव्हा योग, ध्यान असल्या गोष्टी मी पुस्तकातून उचलल्या असं कोणी समजू नये. माझ्या घरामागच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूकडून मी त्या शिकलो. हे तोंडाने कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. तळवलीतली आमची भातशेती, मिठागर आणि खाडीकडची खाजणं, म्हणजे बांध घालून राखलेली खारी जमीन, सरकारने घेतली होती. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर लागलो होतो. चाळिशी उलटली होती, पण अंगात रग होती. एक दिवस कंपनीच्या डॉक्टरने सगळ्यांना तपासलं. माझ्या दंडाला पट्टा बांधून त्याने तो फुगवला, सोडला, परत फुगवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"चक्कर येते का?"

"नाही."

"टेन्शन घेता?"

"मी कशाला घेऊ? मी देतो."

तो हसला नाही. म्हणाला, "प्रेशर फार वाढलंय. असा माणूस बॉयलरच्या गरमीत ठेवता येत नाही. गोळ्या घ्या, मीठ कमी करा, सुकी मासळी बंद करा. दर महिन्याला येऊन मोजून जा. तीन महिन्यांत उतरलं नाही तर मला अनफिट लिहावं लागेल."

अनफिट. मिठागरावर जन्मलेल्या माणसाला मीठ सोडायला सांगतोय याचा राग मी गिळला, पण हा शब्द काही गिळवेना. शेत गेल्यावर माझ्याकडे ही नोकरीच तेवढी उरली होती. तीही गेली तर मी सकाळी उठून जाणार कुठे? नाक्यावर बसून पत्ते कुटणारे आमच्या गावात कमी नव्हते. त्यांच्यात जाऊन बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला तेव्हा वाटायचं.

आता भाडेकरूचं सांगतो. तो मराठवाड्यातला, आमच्याच कंपनीत टाइम ऑफिसला क्लार्क. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. बुद्ध धर्माचा म्हणून गावातल्या दोघातिघांनी मला सांगितलं, त्याला खोली देऊ नको. त्यांनी नको म्हटलं म्हणूनच मी दिली. माझा स्वभावच तसा. पण खोली देणं वेगळं आणि त्याच्याकडे शिकायला जाणं वेगळं. मालकाने भाडेकरूपुढे मांडी घालून बसायचं?

तो रोज पहाटे उठून खोलीत बुद्धाच्या चित्रासमोर बसायचा. दार उघडंच असायचं. मी दात घासायला मागे गेलो की दिसायचा. डोळे मिटलेले, पाठ ताठ, छाती हलते की नाही तेही कळायचं नाही. त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. टाइम ऑफिसच्या खिडकीत लोक त्याला आईबहिणीवरून शिव्या द्यायचे आणि हा म्हणायचा, "बघतो की ओ, कार्ड द्या."

मी ठरवलं, ह्याच्याकडे काहीतरी आहे. विचारायचं मात्र नाही, बघून शिकायचं.

आणि मला वाटलं, कळलं. हा श्वास कोंडतो!

असं वाटायला कारण होतं. आमच्याकडे खाजणाचा बांध उधाणाच्या भरतीला फुटायचा. भगदाडातून खारं पाणी भातात शिरलं की वर्ष गेलं. मग गावचे गडी पेंढा आणि चिखल घेऊन पाण्यात बुडी मारायचे आणि भोक तळातून बुजवायचे. वर येऊन श्वास घेईपर्यंत पाणी पेंढा ओढून न्यायचं, म्हणून ज्याचा दम मोठा तो गडी मोठा. तळवलीत माझ्याएवढा वेळ खाली राहणारा कोणी नव्हता. लोक वर उभे राहून आकडे मोजायचे आणि मी वर आलो की ओरडायचे. शाळेत मला कोणी शाबासकी दिली नाही, ती मला चिखलात मिळाली. तेव्हा एखादा माणूस न हलता बसलाय म्हटल्यावर तो दम कोंडूनच बसला असणार, असं मी धरून चाललो. आणि त्यात तर मी कोणाला हार जाणार नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून मी विहिरीमागे पोतं टाकून बसू लागलो. श्वास छातीत भरायचा, दात आवळायचे, आकडे मोजायचे. कानात शिट्ट्या वाजल्या की समजायचं, लागू पडतंय. बायकोने पाचव्या दिवशी पकडलं.

"आवो, काय करताव ह्या?"

मी श्वास सोडून म्हटलं, "ध्यान."

"ध्यान? तोंड बगा आरशान! मना वाटला कुनी गला दाबलाय तुमचा."

"तुला काय कळतंय?"

"मना यवराच कलतंय, मेलाव तर रडाला मनाच लागल."

मी ऐकलं नाही. महिनाभर केलं. गोळ्या घेतल्या, बायकोने भाजीतलं मीठ कमी केलं तेही सहन केलं. आणि महिन्याने डॉक्टरने पट्टा सोडला तेव्हा काटा पहिल्यापेक्षा वर.

"काय करता काय तुम्ही?" डॉक्टर वैतागून म्हणाला. "दोन महिने राहिलेत."

त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. भीती वाटत होती आणि ती कोणाला सांगता येत नव्हती. सकाळी तोंड धुवायला मागे गेलो तर भाडेकरू आपला बसलेला. मी त्याच्या दारात उभा राहिलो. त्याने डोळे उघडले.

"या की, मालक."

मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "भाऊ, तुमी दम किती आकड्यांपर्यंत कोंडता?"

"कुठला दम?"

"हा बसल्यावरचा. खरं सांगा, मी कोणाला सांगणार नाही."

तो हसू आवरत म्हणाला, "मालक, मी कोंडतच नाही."

"मग करता काय एवढा वेळ?"

"श्वास येतो, ते बघतो. जातो, ते बघतो."

"आणि?"

"आणि काय? परत येतो."

मला राग आला. "ह्याला काय काम म्हणायचं? हे तर म्हातारीसुद्धा करेल."

"मग करून बघा की. म्हातारीला जमतंय तर तुम्हाला काहून जमणार नाही?"

बरोबर ठिकाणी मारलं त्याने. मी आत जाऊन बसलो. मांडी काही नीट पडेना, मिठागरात जन्म उकिडवं बसण्यात गेलेला. तो म्हणाला, तसंच बसा. मी डोळे मिटले. दोन श्वास बघितले असतील नसतील, तोच तो म्हणाला, "धरला."

"काय धरला?"

"श्वास. सोडा."

असं त्या सकाळी दहा वेळा झालं. मला पत्ताच नसायचा. पुढे त्याने मला सांगितलं की तो मला दोन वर्षं बघतोय. बादली उचलताना मी श्वास धरतो, बायकोशी बोलताना धरतो, कंपनीचा भोंगा झाला की धरतो. "तुम्ही पाण्याबाहेर येतच नाही, मालक," तो म्हणाला. मी उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, आत्तासुद्धा मी धरलाय. डॉक्टर दंडाला पट्टा आवळायचा तेव्हाही मी हेच करत असणार. काही आवळलं, दाबलं, अंगावर आलं की बुडी मारायची, हे माझ्या हाडात गेलं होतं.

विहिरीमागचं पोतं मी त्याच्या खोलीत नेऊन टाकलं आणि रोज जायला लागलो. सुरुवातीला श्वास ढकलायचो, बैल हाकल्यासारखा. तो म्हणायचा, "आणू नका. येऊ द्या." हे मला जमेना. मग एक दिवस मीच त्याला समजावलं. म्हटलं, भाऊ, आमच्या बांधाला लाकडी झडप असायची. ओहोटी लागली की ती आपोआप उघडते आणि शेतातलं पाणी खाडीत जातं. माणसाने नुसतं शेजारी बसायचं. ढकलून उघडत नाही. हे तसंच काय?

त्याने विचारलं, "म्हणजे समुद्राचं पाणी रोज मागं जातं?"

"दोनदा."

"दोनदा!" तो कोरड्या मुलखातला माणूस. तेव्हापासून तो माझ्याबरोबर खाडीवर यायला लागला. तिथे मी मालक होतो, खोलीत तो. जमलं आमचं.

बायकोला आधी पटलं नाही. मग एका सकाळी आमटी पांचट झाली म्हणून मी ताट सरकवलं, श्वास बघितला आणि ताट परत ओढलं. ती चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "त्या भाऊला सांगा, आजून धा वरसा रूम खाली करू नको."

दुसऱ्या महिन्याला काटा फारसा हलला नव्हता. मग तिसऱ्या महिन्याची तपासणी आली. डॉक्टरने पट्टा गुंडाळला. रबराचा गोळा दाबायला लागला तसा दंड आवळला आणि छातीतला श्वास थबकला. मी तो बघितला. थबकलेला होता, तसाच बघितला. सोडायला गेलो नाही. मग तो आपोआप सुटला, लांब, आवाज करत. डॉक्टरने वर बघितलं.

त्याने दोनदा मोजलं. मग कागदावर लिहिलं आणि म्हणाला, "उतरलंय. अजून जास्त आहे, गोळ्या सोडायच्या नाहीत. पण कामावर राहा."

मी बाहेर आलो. बॉयलर हाऊसच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. तोंडावर हसू होतं, आणि ते लपवावं असं वाटलं नाही. जोडीदारांनी विचारलं, "काय रे, काय औषध घेतलंस?" मी म्हटलं, "गोळ्या." तेवढं खरं होतं.

संध्याकाळी भाडेकरू घरी आला तेव्हा मी त्याच्या दारातच उभा होतो.

"उतरलं," मी म्हटलं.

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यालाही काळजी होती हे तेव्हा कळलं. म्हणाला, "बरं झालं बघा. सकाळी या."

"आता कशाला? काम झालं की."

"बरं," तो म्हणाला आणि चपला काढून आत गेला. आग्रह केला नाही.

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम गेलो नाही. मालक आहे मी, बोलावलं की जाणारा नाही. त्याच्या पुढच्या सकाळी गेलो. तो डोळे मिटूनच म्हणाला, "पोतं सरकवून घ्या, तिकडं ओल आलीय."