मामींनी सांगितलेला नवरा

पत्रेमामांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. पत्र्याचं काम करायचे म्हणून पत्रेमामा, आणि त्यांची बायको म्हणून मामी. दुकान गल्लीच्या तोंडाशी, घर गल्लीच्या शेवटाला. पेट्या, बादल्या, धान्याचे डबे, नरसाळी, छपराचे पन्हाळे, जे म्हणाल ते करून द्यायचे. आयुष्यभर हातोडी चालवून कानाला दडे बसलेले. "चहा झाला का?" एवढं विचारलं तरी शेजारच्या घरांतून "झाला, झाला" असं उत्तर यायचं.

मामी गेल्या एका थंडीत. सकाळी छातीत कळ येतेय म्हणाल्या, पाणी मागितलं, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. माणसं आली, बसली, उठली. मुलगी काही दिवस राहिली आणि तिच्या संसाराकडे परत गेली. जाताना बापाला गॅस पेटवायला शिकवून गेली. जन्मभर भट्टीसमोर बसलेला माणूस, पण घरातल्या शेगडीचा कान कुठल्या बाजूला पिळायचा हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग घर खायला उठलं. मामा दुकानातून लवकर घरी येईनात, आणि आले की काय करावं ते सुचेना. हात गप्प बसणारे नव्हते, म्हणून दिसेल ते दुरुस्त करत सुटले. कडी बसवली, बिजागरी ठोकली, बादलीचा कान झाळला. करता करता हातात एक पातेलं आलं. त्याच्या बुडाला पोचा होता, शेगडीवर ठेवलं की डुगडुगायचं. मामी किती वर्षं म्हणत होत्या, "साऱ्या जगाचे पोचे काढता, माझं एवढं एक पातेलं घ्या की हो!" मामा म्हणायचे, "उद्या." आता त्यांनी ते पालथं घातलं, लाकडी हातोडीचे चार ठोके दिले, पोचा गेला. चहाला आधण येईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. मामा पातेलं मांडीवर घेऊन बसून राहिले. चहा करायचा राहिलाच.

दुकानासमोरच्या माडीवर एक मास्तरीणबाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला तुरटीसारख्या. वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या आठवड्यातून एकदा बायकांना जमवून गाणी म्हणून घ्यायच्या. मामी तिथे वर्षानुवर्षं जात. मामांना त्यातलं एवढंच माहीत होतं, की त्या दिवशी जेवण झाकलेलं असतं.

एके दिवशी मास्तरीणबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, मामींची शाल आणि बसायची उशी खोलीतच राहिलीय. घेऊन जा."

"आणून द्यायची होती."

"मी काय हमाल आहे?" असं म्हणून त्या निघूनही गेल्या.

मामा गेले. दारातून आत पाय टाकला तर सगळ्या बायकांचं गाणं थांबलं. मधोमध बसलेली शिंपीणबाई, अंगाने आडवी आणि आवाजाने उभी, ती टाळी वाजवून म्हणाली, "अगं बाई, हेच का ते मामा? गाण्याचे वेडे?"

मामांना वाटलं, नीट ऐकू आलं नसेल.

"आता लाजताय काय! मामींनी सगळं सांगितलंय आम्हाला. रोज जेवण झालं की एक गाणं झाल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत म्हणे. आणि ताटावर बोटांनी ठेका धरायचे. आम्ही तर जळायचो हो! आमच्या घरी ताटावर नुसती आपटाआपट."

बायका हसल्या. खरं म्हणजे ताटावरून उठले की ते तडक दुकानात जायचे आणि उरलेलं काम ठोकत बसायचे. मामींचा गाण्याचा आवाज उभ्या जन्मात कधी ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण एवढ्या बायका तोंडाकडे बघत होत्या, आणि मामांच्या तोंडून निघालं ते एवढंच: "हं."

हा एकच "हं" त्यांना पुढे फार महागात पडला.

शाल आणि उशी घेऊन निघायचं, तर खोलीतल्या कपाटाचं दार कुरकुरत होतं. पुढच्या आठवड्यात मामा तेलाची पिचकारी घेऊन गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात खिडकीचा पत्रा निघालेला दिसला. मग खुर्च्या. खोलीतलं मोडकं संपलं तरी मामा जातच राहिले. कोपऱ्यात बसायचे, बायका गायच्या, आणि मामांची बोटं खुर्चीच्या पत्र्यावर आपसूक चालायची. ठोका म्हटल्यावर तो हात कशाला चुकतोय! मास्तरीणबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मामा, पुढे या. ठेका तुम्ही धरा. ही शिंपीण शिलाई मशीन चालवल्यासारखी पळते."

"मी पळते? तुम्ही पेंगता!" शिंपीणबाई म्हणाली, आणि मामा हसले. मोकळं, खो खो हसले. मामी गेल्यापासून पहिल्यांदा.

घरी परतताना मात्र ते भिंतीच्या कडेकडेने चालले, चोरी करून आल्यासारखे. बायको जाऊन अजून वर्ष नाही उलटलं आणि आपण बायकांत बसून दात काढतो. तेही तिच्याच जागेवर. कहर म्हणजे त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं होतं. मामी आजारी असताना कधी केलं नाही, मुलीच्या शाळेत बोलावलं होतं तेव्हा केलं नाही, आणि आता गाण्याच्या वारी दुपार कलली की हात आपोआप फळ्या लावायला लागतात. वरून लोक म्हणतात, "मामा सावरले हं!" मामांना ते शिवी दिल्यासारखं लागायचं.

आणि तो "हं" होताच. दर खेपेला शिंपीणबाई नवीन काहीतरी काढायची. "मामी म्हणायच्या, तुम्हाला नावाड्याचं गाणं फार आवडतं." मामा म्हणायचे, "हं." "मामी म्हणायच्या, एकदा ऐकता ऐकता तुमच्या डोळ्यांत पाणी आलं." "हं." एकेका "हं"बरोबर तो दुसरा मामा, जो मामींनी घडवला होता, तो मोठा होत चालला. प्रेमळ, हौशी, कान देऊन ऐकणारा. आणि खरा मामा त्याच्या शेजारी फुटक्या डब्यासारखा दिसायला लागला.

शेवटी एका रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं.

"तुझी आई घरी गायची का गं?"

"बाबा, खरंच विचारताय?"

"माहीत असतं तर विचारलं असतं का?"

"गायची की! कपडे धुताना, स्वयंपाक करताना. मला झोपवताना तर रोजच. तुमच्या चपलांचा आवाज आला की थांबायची."

"का? मी काय वाघ होतो?"

"तसं नाही हो. तुम्ही एकदा म्हणाला होतात. मी लहान होते, पण मला आठवतंय. तुम्ही पायरीवर चपला काढत होतात, आई आत गात होती. तुम्ही म्हणालात, 'दिवसभर ठणठण ऐकून डोकं उठलंय, घरात तरी जरा गप्प.' आई हसली. म्हणाली, 'बरं.'"

मामांनी खूप आठवून पाहिलं. पायरी आठवली, चपला आठवल्या. वाक्य काही आठवेना.

"रागावून म्हणालो होतो का गं?"

"नाही. सहजच."

"तरीच," मामा म्हणाले. "रागावलो असतो तर आठवलं असतं."

मुलगी काय काय बोलत राहिली. आईने मनात ठेवलं नव्हतं, तुम्ही दमून यायचात, आता त्याचं काय घेऊन बसलात. मामा ऐकत होते, पण त्यांच्या डोक्यात एकच शब्द फिरत होता. बरं. एवढंसं "बरं" म्हणून ती बाई संपूर्ण संसारभर गप्प बसली आणि बाहेर जाऊन सांगत राहिली, की आमचे हे ऐकल्याशिवाय उठू देत नाहीत.

त्यानंतर मामा गाण्याला गेले नाहीत. सांगितलं, की काम आलंय. दुकानात कामही होतं, पण त्या संध्याकाळी हातोडी उगाचच एकाच जागी पडत होती. मग मास्तरीणबाई परत पायरीशी आल्या.

"येत्या खेपेला मामींची आठवण म्हणून त्यांची गाणी म्हणणार आहोत. तुम्ही चार शब्द बोलायचे."

"मला बोलता येत नाही."

"ओरडता येतं ना? मग झालं."

मामांनी मनाशी ठरवूनच टाकलं. उभं राहायचं आणि खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं. बायांनो, मी तो नव्हे. मी हिचं एक अक्षर ऐकलं नाही, उलट तोंड बंद केलं. मग थुंका माझ्यावर हवं तर. असं ठरल्यावर त्या रात्री त्यांना बरी झोप लागली.

गाण्याच्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून गेले. जिन्यातच शिंपीणबाईने गाठलं. आज ती मोठ्याने बोलत नव्हती.

"मामा, एक सांगू? मामींचं ऐकून ऐकून मी एकदा आमच्या ह्यांना बसवलं समोर. म्हटलं, पत्रेमामा ऐकतात, तुम्हाला काय धाड भरलीय? पहिले काही दिवस वैतागले. आता रोज एक गाणं ऐकतात. दुसऱ्या कडव्याला घोरायला लागतात, पण बसतात हो! हे मामींमुळे, आणि तुमच्यामुळे."

मामांचा पाय पायरीवरच थांबला.

आत मामींची खुर्ची पुढे ठेवली होती. मास्तरीणबाईंनी नाव घेतलं आणि मामा उभे राहिले. सगळ्यांच्या माना वर झाल्या. मामांनी तोंड उघडलं. खरं ओठांवर आलंही होतं. मग त्यांची नजर त्या रिकाम्या खुर्चीवर गेली, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की खरं बोलून आपण मोकळे होऊ, पण ती सगळ्यांपुढे खोटी पडेल. आणि ती काही उठून आपली बाजू सांगायला येणार नाही. जिवंतपणी तिचं तोंड बंद केलं, आता मेल्यावर तिचा शब्दही मोडायचा?

"आमच्या घरी," मामा म्हणाले, आणि आवाज इतका मोठा निघाला की खाली वाचनालयातलं कुणीतरी खोकलं. "आमच्या घरी जेवण झालं, की मी म्हणायचो, एक होऊ दे. ती म्हणायची, भांडी पडलीत. मी म्हणायचो, भांडी काय पळून जातायत? मग ती पदराला हात पुसत बसायची. आणि मी असा ठेका धरायचो." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवली. "कधी मधेच विसरायची. मग मी ठेका धरून थांबायचो. घाई नाही करायचो."

कुणीतरी नाक पुसलं. मामा घामाने भिजले होते. एवढं खोटं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि बोलताना ती भांडी, तो पदर सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं, म्हणून जास्तच जिवाला लागत होतं. एवढं सोपं होतं ते. म्हणायचं होतं फक्त, एक होऊ दे.

"नावाड्याचंच घेऊ या," शिंपीणबाई म्हणाली. "मामांचं आवडतं."

बायकांनी सूर लावला. मामांनी ठेका धरला आणि चेहरा असा ठेवला, की हे आपल्या रोजच्या ऐकण्यातलं. गाणं होतं एका बाईचं. ती नावेत बसून नावाड्याला विचारत राहते, काठ कधी येणार, आभाळ भरलंय, मला कुठे घेऊन चाललास. तो काही उत्तर देत नाही. मामा जीव कानात आणून ऐकत होते आणि पुढे काय होणार याचा त्यांना पत्ता नव्हता. शेवटच्या कडव्यात कळतं, की नावाडी केव्हाचा झोपलाय आणि वल्ही पहिल्यापासून तिच्याच हातात आहेत.

सगळ्या बायका खळखळून हसल्या. मामाही हसले, पण जरा मागाहून. ठेका चुकला.

शिंपीणबाई डोळे पुसत होती, तिला काही कळलं नाही. मास्तरीणबाई मात्र चष्म्याच्या वरून बघत होत्या.

सगळ्या गेल्यावर मामा खुर्च्या मिटायला लागले. मास्तरीणबाई खिडक्या लावत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गाणं पहिल्यांदाच ऐकलंत ना?"

मामांच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"मी तुमच्या दुकानासमोर राहते, मामा. जेवणानंतर तुमची ठणठण माझ्या कपाळात असायची. मामींचं गाणं ऐकायला तेव्हा घरी कुणीच नसायचं, हे मला केव्हाच कळलं होतं."

"मग या बायकांना सांगितलं का नाहीत?"

"तुमच्याबद्दल सांगताना तिचा चेहरा कसा फुलायचा ते तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून विचारताय. तो कोण पाडणार?"

मामा खुर्चीवर बसले. "मीच गप्प बस म्हणालो होतो तिला. आणि मला आठवतही नाही. चुकलं हो माझं."

इतके दिवस जो भेटे तो म्हणे, मामा, तुमचं काय चुकलं, जाणारं माणूस जातं. मुलगी तेच म्हणाली होती. मास्तरीणबाई खिडकीची कडी घालून वळल्या आणि म्हणाल्या, "चुकलंच."

मामांनी मान हलवली. रडू आलं ते त्यांनी अडवलं नाही. मास्तरीणबाईंनीही अडवलं नाही; त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि वाट पाहत राहिल्या.

जरा वेळाने मामांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "ती अजून काय काय सांगायची?" त्यांनी विचारलं. "माझ्याबद्दल. सगळं सांगा. शिंपीणबाई परत विचारतील, मला ठाऊक असायला हवं."

"बरंच आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही तिला दर वाढदिवसाला फिरायला न्यायचात."

"कुठे?"

"नदीवर."

मामांनी डोळे मिटले. "बरं," ते म्हणाले. "पुढे?"