साडूभाऊंचं कार्ड

आमच्या साडूभाऊंइतका एखाद्या वस्तूवर जीव लावणारा माणूस पेण ते रोहा या पट्ट्यात दुसरा झाला नाही. ती वस्तू सोनं किंवा म्हैस असती तर त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, समजून तरी घेतलं असतं. पण त्यांचा जीव अडकला होता रोह्याच्या आमच्या कंपनीतल्या मोठ्या संगणकाच्या नेटवर्क कार्डात. ऑफिसातले सगळे संगणक या वीतभर पट्टीतून एकमेकांशी बोलायचे. ती बंद पडली की गेटपास निघत नसे आणि डिस्पॅचला बसलेल्या माझ्यापुढे ट्रक तुंबत.

ते सांभाळणं हीच साडूभाऊंची नोकरी, पण कार्ड चालू असल्याचा हिरवा दिवा नेमका संगणकाच्या पाठीला. म्हणून साडूभाऊंनी मागच्या भिंतीवर सायकलचा आरसा ठोकला होता आणि खुर्चीतून ते दिवसभर त्यात बघत. नव्या साहेबांना आधी वाटलं, हा गृहस्थ नुसता भांगच पाडतो. शिवाय खिशात कायम शाळकरी खोडरबर. खाडीच्या खाऱ्या हवेने कार्डाचे सोनेरी दात काळवंडत, ते हे त्या रबराने इतक्या हळुवारपणे घासत की मेहुणी म्हणे, "माझ्या कपाळाला बाम लावताना असा हात नाय फिरत कधी." एकदा आम्ही सगळे पेणला लग्नाला चाललो होतो. वाटेत गडब गावाला एसटी थांबताच हे उतरून फोनच्या बूथवर, वॉचमनला दिव्याची खुशाली विचारायला. एसटी निघून गेली. जेवणाच्या पंगती उठल्यावर हे हसत हजर. "लुकलुकतोय," म्हणाले.

मग मुंबईच्या ऑफिसने नवा प्रोग्रॅम पाठवला. कार्डावर तोच नजर ठेवणार, ते निपचित पडलं की बंद करून पुन्हा चालू करणार, तरी उठलं नाही तर शेजारचं जादा कार्ड कामाला लावणार. मग माणूस कशाला? साडूभाऊंची बदली स्टोअरला ठरली. त्यांचं जेवण सुटलं.

दसरा झाला, रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघाली. त्या दिवशी अख्खं रोहा पालखीमागे. ऑफिसात मोठा संगणक सोडून एकही चालू नाही. कोणी बोलत नाही म्हणजे कार्ड मेलं, असं प्रोग्रॅमने ठरवलं. दिवसभर ते बंद-चालू करून तो दमला, मग जादा कार्ड लावलं, तेही गप्प. शेवटी दोन्ही बाद ठरवून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी ट्रकांची रांग पार हायवेवरच्या खांब गावापर्यंत गेली, असं मी अजून सांगतो. गेटाबाहेर गेली होती हे मात्र खरं.

साडूभाऊंनी पडद्यावरची नोंद वाचली. "अवो, मेलं नाय ते. बोलायला कोण नव्हतं, म्हणून गप बसलं." दहा मिनिटांत त्यांनी दोन्ही कार्डं कामाला लावली. त्यांची खुर्ची वाचली म्हणून मी मनात पेढे वाटले. तेवढ्यात साहेब म्हणाले, "इथल्या सगळ्या सुट्ट्या लिहून द्या. प्रोग्रॅमला सांगून ठेवू."

साडूभाऊंनी सुवाच्य अक्षरात यादी दिली. पालखी, विसर्जन, होळी, आणि भातलावणीच्या दिवसांत अर्धं ऑफिस एकदम आजारी पडतं, तेसुद्धा! प्रोग्रॅम पुन्हा चुकला नाही. साडूभाऊ स्टोअरला गेले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तेव्हा मी चिडून म्हटलंही होतं, "एखादी सुट्टी गाळायची होती की! झक मारत बोलावलं असतं तुम्हाला."

ते खरोखर दुखावले. "आणि त्या दिवशी ते बिचारं एकटं दिवसभर उठाबशा काढील, त्याचं काय?"