भजनाला नेलेली बॅटरी

गावातल्या सगळ्यांनी वाचा. आज सकाळचं दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

माझ्या व्हॅनमध्ये सीटखाली दुसरी बॅटरी आहे. पेशंट नेताना ऑक्सिजनचं मशीन चालावं म्हणून आपण सगळ्यांनी मिळून ती बसवून घेतली.

पण भजनाच्या वेळी लाइट गेली की माइकसाठी तीच काढून नेतो आपण. कालही नेली. मीच नट सैल करून दिले. परत आणून जागेवर बसवली, वायरी जोडल्या. चार्जिंगला मात्र कुणी लावली नाही. मीही नाही.

आज सकाळी दामूकाकांना, आपल्या भजनी मंडळाच्या पखवाजवाल्यांना, दम लागला. त्यांना घेऊन माणगावच्या दवाखान्याला निघालो. वाटेत काकी मागून ओरडली, "अरं, मशीन बंद पडलं रं!"

इंजिन चालू होतं, पण रिकाम्या बॅटरीला मशीनचा भार पेलेना. परत चालू केलं, परत बंद. काका कसेबसे म्हणाले, "तू गाडी चालव. थांबू नको."

माणगाव आलं तेव्हा काका गेले होते.

डॉक्टर म्हणाले, मशीन चाललं असतं तरी खात्री नव्हती. तेवढ्यावर मला सोडून देऊ नका.

दुपारी मंडळातून फोन आला. मुलगा मुंबईहून पोचेपर्यंत काकांजवळ भजन करायचं ठरलंय.

"लाइट न्हाय रं. बॅटरी देतोस ना?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय दिलं असतं?