अकोल्यातली शेकोटी

मे महिन्यात अकोल्याच्या रजिस्ट्री कचेरीत बाकावर बसलं की माणूस नुसता सुकत जातो. मला घर विकायचं होतं आणि घेणारा अजून आला नव्हता. समोरच्या भिंतीत दगडी कमानीची शेकोटी होती, वर थेट छपरापर्यंत गेलेलं धुराडं. इंग्रजांच्या काळात ही इमारत बांधणाऱ्या गोऱ्या आर्किटेक्टची ही करामत. अकोल्यात शेकोटी! आता तिच्यात पाण्याचा माठ ठेवलाय.

"घ्या काकाजी," शिपायाने पेला पुढे केला, "इथलं पाणी लय थंड रायते."

पाणी पिता पिता मला त्या साहेबाचा रागच आला. आयुष्यभर या उन्हात कचेऱ्या, शाळा, पूल बांधत हिंडला असेल, घाम पुसत नकाशे काढले असतील, आणि एवढंही कळू नये? मग वाटलं, कळत असणारच. पण बसायची खोली काढायला घेतली की हात आपोआप घराकडे वळत असेल.

माझा मुलगा कॅनडात असतो. तिथल्या नव्या घरापुढे त्याने ओटा बांधून घेतला, आमच्या घराला आहे तसाच. "बर्फात त्यावर बसणार कोण?" मी फोनवर हसलो होतो. "असू द्या हो बाबा," एवढंच म्हणाला तो.

घेणारा आला. मी आत जाऊन सही केली, अंगठा दिला. बाहेर येताना पाय शेकोटीपाशी थांबले. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, तरी मी दोन्ही हात तिच्यापुढे धरले.