गोवरानंतरचा कोरा हात

हात वाचणं हे माझं काम होतं आणि ते मला फार चांगलं यायचं. आता या वयात हे सांगायला संकोच कसला?

सत्तरच्या दशकात मी क्षयरोग पथकात नर्स होते. जीपमधून आम्ही शाहूवाडीकडच्या वाड्यांवर जायचो. ज्या घरात कुणाला क्षय असेल, तिथल्या पोरांच्या डाव्या हाताच्या कातडीत बारीक सुईनं थेंबभर औषध टोचायचं आणि तीन दिवसांनी पुन्हा जाऊन हात बघायचा. क्षयाचा जंतू शरीरात आधी शिरलेला असेल, तर टोचल्या जागी कातडी कडक होऊन वर येते. पथकातल्या नवीन पोरी लाली मोजायच्या. लाली मोजायची नसते. बोटाच्या टोकानं कडकपणाची कड शोधायची, पेनानं खूण करायची आणि मग मोजपट्टी लावायची. माझं आणि पथकाच्या डॉक्टरांचं वाचन कधी फारसं वेगळं आलं नाही.

अशाच एका वाडीवर पाच-सहा वर्षांची एक मुलगी भेटली. तिच्या चुलत्याला क्षय होता. तिच्या मनगटाच्या वर तीन ठिपक्यांचं ताजं गोंदण होतं. तीन दिवसांनी बघते तर फुगवटा त्या गोंदणाला येऊन टेकलेला, वर पाण्याचा फोडसुद्धा. पोरगी मात्र ठणठणीत, भाताच्या बांधावरून पळत आलेली. तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरलं आणि मी कार्डावर आकडा लिहिला.

पुढे माझी बदली कोल्हापुरात दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात झाली. तीन-चार महिन्यांनी एक बाई कडेवर पोर घेऊन आली. मुलगी एवढी वाळलेली की मी आधी ओळखलंच नाही.

"गोवर येऊन गेला, सिस्टर," आई म्हणाली. "तवापासनं खात न्हाय, ताप बी सोडत न्हाय. नुसती पडून हाय बघा."

वॉर्डातले डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. चुलत्याला क्षय असल्याचं ऐकून त्यांनी हातावरची तीच तपासणी केली. तीन दिवसांनी हात कोरा. लाली नाही, फुगवटा नाही, काही नाही.

"क्षय नाही," ते म्हणाले. "गोवरानंतरचा अशक्तपणा आहे. टॉनिक लिहून देतो, उद्या घरी सोडा."

मी तिचा हात पुसायला घेतला आणि गोंदणाचे तीन ठिपके दिसले. शेजारी एक काळपट व्रण होता. फोड येऊन गेला की राहतो तसा.

"डॉक्टर, हा हात मी वाचलाय," मी म्हणाले. "मोठी गाठ होती. फोड आला होता."

"मग तेव्हा चुकला असाल, सिस्टर. असलेली गाठ अशी पुसून जात नाही."

माझे कान तापले. चूक झाली असती तर कबूल केली असती. पण ती माझ्या बोटांनी मोजलेली गाठ होती. जेवणाच्या सुट्टीत मी चालत पथकाच्या ऑफिसात गेले, शेकडो कार्डांतून तिचं कार्ड काढलं आणि तशीच परत आले. दुपारी मोठ्या डॉक्टरबाई राउंडला आल्या. त्यांना सगळे घाबरायचे, मीसुद्धा. मी कार्ड पुढे केलं.

बाईंनी कार्ड पाहिलं, काळपट व्रणावरून बोट फिरवलं आणि आईला एवढंच विचारलं, "गोवर कधी आला होता?"

"तीन आठवडं झालं असतील की."

बाई तरुण डॉक्टरांकडे वळल्या. "सिस्टरांची गाठ खरी होती आणि तुमचा कोरा हातही खरा आहे. ही गाठ उठवतात त्या रक्तातल्या टी पेशी. गोवराशी लढतात त्याही याच. अंगावर पुरळ येतं ना, ते त्यांच्याच लढाईचं. पण लढाई संपली की शरीर या पेशींना आवरतं. नाही आवरलं तर त्या आपल्याच अंगाची नासधूस करतील. गोवरात हे आवरणं फार होतं, शिवाय विषाणू या पेशींनाही ग्रासतो. काही आठवडे त्या गप्प होतात. कसं, ते अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही. पण त्या गप्प झाल्या म्हणून क्षयाचा जंतू निघून जात नाही. उलट त्याला रान मोकळं मिळतं."

मला एकदम ती बांधावरून पळत येणारी पोरगी आठवली.

त्याच दिवशी एक्स-रे काढला. फुप्फुसाच्या मुळाशी गाठी सुजलेल्या होत्या, खाली डाग होता. लहान पोरं कफ थुंकत नाहीत, गिळतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातलं पाणी काढलं, त्यात क्षयाचे जंतू सापडले. घरी गेली असती तर काय झालं असतं, हे आईला कुणी सांगितलं नाही. रोजचं इंजेक्शन आणि गोळ्या सुरू झाल्या. इंजेक्शन मीच द्यायची. पहिले पंधरा दिवस तिच्यात रडायचीही ताकद नव्हती. ज्या दिवशी तिनं भोकाड पसरून माझा हात झटकला, त्या दिवशी आई आणि मी दोघी हसलो.

दीड महिन्यानं बाईंनी पुन्हा तपासणी करायला लावली. तिसऱ्या दिवशी हातावर गाठ परत उठली होती, चांगली टणक. बाईंनी शिकाऊ डॉक्टरांना खाटेभोवती उभं केलं आणि म्हणाल्या, "आधी सिस्टर वाचतील. मग तुम्ही." मी कड शोधली, खूण केली, पट्टी लावली. बाईंनी स्वतः मोजलं आणि माझाच आकडा केसपेपरवर लिहिला. संध्याकाळी ते तरुण डॉक्टर ड्यूटी रूमच्या दारात आले. "सिस्टर, मला बोटानं कड कशी शोधायची ते दाखवाल?" त्यांच्यावरचा माझा राग तिथेच संपला. पुढे ते फार चांगले हात वाचू लागले, हेही सांगायला हवं.

घरी अब्बांना सगळं सांगितलं. शाहूपुरीत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. मी नर्स होणार म्हटल्यावर नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली होती आणि त्यांची बोलणी अब्बांनी ऐकून घेतली होती. टी पेशी म्हणजे काय ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले, तर एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "अवो पावणं, आमच्या लेकीनं डॉक्टरला हात वाचायला शिकवलं. व्हय, डॉक्टरला!" मी दाराशीच थांबले. मी नुसतं कड कशी शोधायची ते दाखवलं होतं, हे सांगावंसं मला अजिबात वाटलं नाही.

मुलगी पुढे वर्षभर औषध घेत राहिली. शेवटच्या तपासणीला आली तेव्हा वजनकाट्यावरून उडी मारून उतरली आणि आईच्या आधी जिन्यावरून धावत खाली गेली.